इसाराशिवाय माल राखून ठेवू नका

मे महिन्याच्या सुरुवातीला नीटची परीक्षा होते आणि लातूर-नांदेडच्या क्लासेसच्या भागातल्या खोल्या रिकाम्या व्हायला लागतात. लोखंडी कॉट, गादी, अभ्यासाचं टेबल, कूलर, क्वचित एखादा छोटा फ्रिज, सगळं एकाच वेळी विकायला निघतं. पोराला गावी परतायचं असतं आणि घरमालकाला खोली पुढच्या मुलासाठी हवी असते, म्हणून महिनाअखेर ही शेवटची तारीख. जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीच्या ग्रुपवर फोटो पडतो, तासाभरात पाच-सहा मेसेज येतात. एकजण म्हणतो, "दादा, माझ्यासाठी ठेवा, उद्या येतो." कूलर त्याच्यासाठी राहतो, बाकीच्यांना "गेला" असं कळवलं जातं. उद्याचा परवा होतो, परवाचा रविवार होतो, मग फोन उचलणंच बंद. तोवर ज्यांना नाही म्हटलं त्यांनी दुसरीकडून घेतलेला असतो. तीन हजारांचा चालू कूलर शेवटी भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जातो.

माणसं बिघडली, शब्दाला किंमत राहिली नाही, असं यावर सहज म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हाच माणूस किराणा दुकानाची उधारी सोयाबीन विकल्यावर फेडतो, भिशीचा हप्ता चुकवत नाही, सोयरिकीत दिलेला शब्द मोडत नाही. ऑनलाइन जुनी वस्तू घेतानाच तो बेभरवशाचा होतो, कारण तिथे "ठेवा" म्हणायला त्याला काहीच लागत नाही. बसल्या जागी तो पाच विक्रेत्यांना "ठेवा" म्हणू शकतो आणि त्यातल्या एकाकडेच जातो. न आल्याची झळ त्याला शून्य असते, विकणाऱ्याला मात्र पूर्ण. राखून ठेवून घेणं फुकट असेल तर लोक गरजेपेक्षा जास्त राखून ठेवायला लावणारच. म्हणून उपदेशाने काही होणार नाही, व्यवहाराची रीत बदलली पाहिजे. इसार, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली थोडी आगाऊ रक्कम, दिला तर वस्तू राखायची, नाही तर नाही.

ही रीत आपल्याला नवी नाही. हाळी-हंडरगुळीच्या बाजारापासून माळेगावच्या यात्रेपर्यंत जनावरांच्या खरेदीविक्रीची जुनी परंपरा मराठवाड्यात आहे. जनावर फिरवून, दात पाहून सौदा जमतो, आणि सगळे पैसे जवळ नसतील तर घेणारा इसार देतो. इसार घेतला की विकणारा ते जनावर दुसऱ्याला दाखवत नाही. ठरलेल्या मुदतीत घेणारा फिरकला नाही तर इसार बुडतो. यात कुणी कुणावर संशय घेतला असं होत नाही. दोघांनीही आपापल्या शब्दामागे थोडे पैसे ठेवलेले असतात, एवढंच. जमिनीच्या व्यवहारात तर इसारपावतीशिवाय पान हलत नाही. जुना फ्रिज किंवा पाण्याची मोटर मोबाइलवरून विकताना आपण नेमकी हीच पायरी गाळली आणि मग घेणाऱ्याच्या स्वभावाला दोष देत बसलो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. आगाऊ पैसे मागणारा विक्रेता हाच तर ठग असतो. "मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून बुलेट स्वस्तात देतोय, गाडी आर्मीच्या ट्रान्सपोर्टने येईल, तुम्ही फक्त पोचवण्याचे पैसे टाका," या थापेने कितीतरी लोकांना बुडवलं आहे. वस्तू न पाहता पैसे पाठवू नका हे सायबर पोलिसांचं सांगणं अगदी बरोबर आहे, आणि इसाराच्या नावाखाली ते मोडायला कुणाला सांगणं हा गुन्ह्याला हातभार ठरेल. म्हणून इसार कधी घ्यायचा हे रकमेपेक्षा महत्त्वाचं आहे.

विकणारे दोन गोष्टींची गल्लत करतात. वस्तू पाहायला येणं वेगळं आणि वस्तू राखून ठेवायला लावणं वेगळं. पाहायला येणाऱ्याकडून एक रुपयाही मागू नये. पण तो येतो म्हणाला म्हणून इतरांना नाहीही म्हणू नये. "सकाळी दहाला एकजण पाहायला येतोय, तुम्ही साडेअकराला या, त्यांनी घेतली तर लगेच फोन करतो," असं खरं खरं सांगावं. वस्तू पाहून पसंत पडली, भाव ठरला, पण न्यायला उद्या येणार असेल तर इसार तिथेच, समोरासमोर घ्यावा. द्यायचा नसेल तरी त्याचा अपमान करण्याचं कारण नाही. वस्तू मोकळी राहील, आधी येईल त्याची, इतकं सांगून विषय संपवावा.

लांबून येणाऱ्याचं गणित थोडं वेगळं. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला डबल डोअर फ्रिज न्यायला येणारा माणूस पिकअपचं भाडं भरून निघतो. तो पोचेपर्यंत फ्रिज दुसऱ्याने नेला तर भाडं गेलं. इथे इसाराची गरज विकणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त आहे. अशा वेळी व्हिडिओ कॉलवर वस्तू चालू करून दाखवावी. फोटो पाठवून भागत नाही, कारण फोटो कुणाचाही उचलता येतो. घेणाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याच क्षणी करून दाखवावी: फ्रिजचं दार उघडा, मागचा कॉम्प्रेसर दाखवा, आजचं वर्तमानपत्र वर ठेवा. विकणाऱ्याने आपलं यूपीआयवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं हेही दाखवावं. मग पाचशे रुपयांच्या वर इसार घेऊ नये. याहून जास्त मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्याला घेणाऱ्याने सरळ नकार द्यावा, हा लेख पुढे करून कुणी मागत असेल तरीही.

वस्तू समोर पाहून ठरली असेल तर रक्कम किती असावी? पाच हजारांच्या आतल्या वस्तूला दोनशे-तीनशे, पाच ते वीस हजारांच्या वस्तूला पाचशे ते हजार, दुचाकी समोर पाहून ठरली असेल तर दोन हजारांपर्यंत. बुडाला तर टोचेल पण पोट जाळणार नाही, इतका इसार पुरे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई घेऊ देतं, तीही ठरलेल्या रकमेच्या मर्यादेतच. छोटा इसार ठेवून घेणं म्हणूनच न्यायाला धरून आहे. अर्धी किंमत आगाऊ घेऊन तीच बुडवायची म्हटली तर ते टिकायला अवघड, आणि टिकूही नये.

मुदत वस्तूच्या हंगामावर ठरते. एप्रिल-मेमध्ये कूलरला एक दिवसापेक्षा जास्त मुदत देऊ नये, कारण जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की त्याचा भाव उतरतो आणि गिऱ्हाईकही आटतं. फ्रिज, कपाट, सोफा यांना दोन दिवस. पेरणी यंत्र किंवा रोटावेटर घेणारा शेतकरी असेल तर त्याच्या पैशाची वेळ समजून घ्यावी. अडतीवर माल घातला आहे, पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे, पैसे चार दिवसांनी मिळणार आहेत, असं तो सांगत असेल तर त्याला बेभरवशाचा म्हणणं अन्याय होईल. त्याच्याकडून पाचशे इसार घ्यावा, तारीख लिहून घ्यावी आणि तोवर अवजाराला दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नये. एसटीने येणाऱ्याला अर्धा तास उशीर झाला म्हणून दार लावून घेणंही बरं नाही. गेवराईहून बीडला येणारी गाडी त्याच्या हातात नसते.

इसार घेतल्यावर तिथेच उभं राहून दोघांच्या फोनवर एक मेसेज जायला हवा. मजकूर साधा असावा: "कूलर, किंमत ३,००० ठरली. इसार ३०० मिळाला. बाकी २,७०० देऊन शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत न्यायचा. त्यानंतर दुसऱ्याला दिला जाईल, इसार परत मिळणार नाही. वस्तू सांगितल्यासारखी नसली तर इसार पूर्ण परत. मी आधीच दुसऱ्याला विकली तर इसार दुप्पट परत." शेवटचं वाक्य सर्वात महत्त्वाचं आहे. घेणाऱ्यालाच बांधणारा आणि विकणाऱ्याला मोकळं सोडणारा इसार म्हणजे नुसता दंड. जास्त भाव देणारा भेटला म्हणून पहिल्याला टांग मारणारे विक्रेते काही कमी नाहीत, आणि घेणारे पाच ठिकाणी "ठेवा" म्हणून ठेवतात त्याचं एक कारण हेही आहे.

आता दुसरी बाजू. घेणारा येऊन तोंड वाकडं करून परत जातो, तेव्हा पुष्कळदा दोष जाहिरातीचा असतो. "मोटर विकणे आहे, चांगली कंडिशन, किंमत फोनवर." अशा जाहिरातीला वीस फोन येणार आणि त्यातले अठरा वाया जाणार. बोअरच्या सबमर्सिबल मोटरबद्दल लिहायचं तर किती एचपीची, चार इंची बोअरची की सहा इंची, किती स्टेजचा पंप, सिंगल फेज की थ्री फेज, रिवाइंडिंग झालंय का आणि कधी, सोबत केबल किती फूट, स्टार्टर आहे की नाही, एवढं तरी हवं. यातली एकही गोष्ट सुटली तर घेणारा पन्नास किलोमीटर येऊन म्हणतो, "आपली बोअर चार इंची हाय, ही बसत नाही." तो खोटं बोलत नाही, आपणच सांगितलेलं नसतं. अशी मोटर कोरडी चालवून दाखवायचा आग्रह काहीजण धरतात. तो मान्य करू नये. सबमर्सिबलचे बेअरिंग पाण्यानेच थंड राहतात आणि वंगणही पाण्याचंच असतं, कोरडी फिरवली की घासली जातात. हौदात किंवा पाण्याने भरलेल्या उंच बॅरलमध्ये बुडवून चालवावी. ती सोय नसेल तर जवळच्या रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर लावून इन्सुलेशन तपासून घ्यावं आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे हे आधी ठरवावं.

फ्रिजवरून होणारे वाद तर ठरलेले असतात. घेणारा येण्याच्या दोन-तीन तास आधी फ्रिज चालू करून ठेवावा. बंद फ्रिज लावून दहा मिनिटांत गारवा दिसत नाही आणि घेणारा बिथरतो. खरा घोळ मात्र नेताना होतो. छोटा हत्तीत जागा नाही म्हणून फ्रिज आडवा टाकतात, घरी पोचल्या पोचल्या प्लग लावतात. आडवा पडल्यावर कॉम्प्रेसरमधलं ऑइल नळ्यांत उतरतं. ते परत खाली बसायला तीन-चार तास लागतात. तेवढं न थांबता चालू केला तर कॉम्प्रेसर जाऊ शकतो, आणि संध्याकाळी फोन येतो, "खराब माल दिला, पैसे वापस करा." दुसरं कारण व्होल्टेज. शहरात सुरळीत चाललेला फ्रिज खेड्यात संध्याकाळी पडलेल्या व्होल्टेजवर सुरूच होत नाही, नुसता गुणगुणतो आणि ट्रिप होतो. म्हणून फ्रिज देताना सांगावं आणि मेसेजमध्ये लिहावंही: उभा न्या, चार तास थांबा, व्होल्टेज कमी असेल तर स्टॅबिलायझर लावा. आडवा नेणाऱ्याचा व्हिडिओ गाडी निघण्याआधी काढून ठेवला तर पुढचं भांडण तिथेच मिटतं.

इन्व्हर्टरची बॅटरी विकताना घेणाऱ्याचा अविश्वास बहुधा रास्त असतो, कारण नुकतीच चार्जिंगवरून काढलेली थकलेली बॅटरीही मीटरवर चांगली दिसते. रात्रभर पूर्ण चार्ज करावी, चार्जिंग काढून निदान चार तास सोडावी आणि मग मल्टिमीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास किंवा वर असेल तर ठीक. नंतर दोन पंखे आणि दोन ट्यूब अर्धा तास चालवून पुन्हा मोजावं. घेणाऱ्यासमोर हे केलं की भावावरून फार ओढाताण होत नाही. भरलेली १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी साधारण पन्नास-साठ किलोची असते आणि तिरकी झाली की ॲसिड सांडतं, म्हणून एकट्या माणसाला मोटारसायकलवर नेऊ देऊ नये. तो "नेतो की, काय होतंय" म्हणाला तरीही.

भावाची घासाघीस ही आपली जुनी सवय आहे आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. पण ती एकदाच व्हावी, आणि वस्तू समोर असताना व्हावी. फोनवर "लास्ट किती?" विचारणाऱ्याला शेवटचा आकडा सांगितला की तो आकडा दारात येऊन पहिला आकडा बनतो, मग तिथून खाली ओढाओढ सुरू होते. जाहिरातीत एक किंमत लिहावी, फोनवर "पाहा, मग बोलू" इतकंच म्हणावं आणि आपला खालचा आकडा कुणालाही न सांगता कागदावर लिहून ठेवावा. दारात आल्यावर "एवढेच आणलेत" म्हणून ठरल्यापेक्षा कमी पैसे पुढे करणं ही जुनी खेळी आहे. एकदा ठरलेला भाव खाली आणण्याचं रास्त कारण एकच: जाहिरातीत न सांगितलेला दोष निघाला. तसा दोष निघाला तर विकणाऱ्याने वाद न घालता किंमत कमी करावी. नसेल निघाला तर वस्तू आत घेऊन दार लावावं. इसार आधी झालेला असेल तर हा प्रसंगच बहुधा येत नाही, कारण भाव लिहिलेला असतो.

घरी एकट्या बाईने किंवा वयस्कर माणसांनी वस्तू विकायची असेल तर पूर्ण पत्ता आधी देऊ नये. चौकाचं, मंदिराचं किंवा शाळेचं नाव सांगावं, तिथे पोचल्यावर फोन करायला लावावा. जड सामान ओसरीत किंवा पोर्चमध्ये काढून ठेवावं म्हणजे घरात कुणाला घ्यावं लागत नाही. शेजारच्या काकांना किंवा भावजींना त्या वेळी बोलावून घ्यावं. हातात नेता येणारी वस्तू, मोबाइल किंवा लॅपटॉप, बसस्टँडसारख्या वर्दळीच्या जागी द्यावी. ताईंचा नंबर मिळाला म्हणून नंतर रात्री-अपरात्री मेसेज करणाऱ्याला ग्रुपमधून काढणं हे ॲडमिनचं काम आहे, आणि ते त्याच दिवशी व्हावं.

पैसे घेताना तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. यूपीआयवर पैसे मिळवायला पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोड स्कॅनही करावा लागत नाही. "हा कोड स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणणारा ठगच असतो. व्यक्ती-व्यक्तीमधली कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडून पैसे मागायची सोय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआरची थाप चालूच आहे. दुसरं, घेणाऱ्याच्या फोनवरचा हिरवा टिकमार्क, स्क्रीनशॉट किंवा दहा अंकी नंबरवरून आलेला "क्रेडिटेड" मेसेज यातलं काहीच पुरावा नाही. खोटी पेमेंटची पानं दाखवणारी ॲप्स निघाली आहेत. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत वस्तू गाडीत चढवू देऊ नये. "चुकून जास्त गेले, वरचे परत करा" असं कुणी घाईने म्हणत असेल तरी हेच पाहावं. तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: पैसे समोरच्या माणसाच्या स्वतःच्या खात्यातूनच यावेत. "मित्राच्या खात्यावरून टाकतो" म्हणून तिसऱ्याच राज्यातल्या कुणाच्या खात्यातून आलेली रक्कम फसवणुकीची निघाली, तर तक्रारीच्या साखळीत तुमचंही खातं गोठू शकतं आणि ते सोडवायला चकरा मारत बसावं लागतं. नाव जुळत नसेल तर रोख घ्यावं.

मात्र पैसे अडकले म्हणजे समोरचा लबाडच, असंही समजू नये. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिल्या चोवीस तासांत पाच हजारांची मर्यादा असते. तीस हजारांचा लॅपटॉप घ्यायला आलेला पोरगा तिथे खरोखर अडकतो. लिमिट आजच पाहून ठेवा, असं आदल्या दिवशीच सांगावं. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात.

बेभरवशाच्या घेणाऱ्यांत सर्वात महाग पडतो तो पूर्ण पैसे देऊन गाडी नेणारा आणि नावावर न करणारा. "नंतर करून घेतो भाऊ" हे वाक्य मराठवाड्यातल्या कितीतरी घरांवर आजही टांगलेलं आहे. चलन जुन्या मालकाच्या नावाने येतं. अपघात झाला तर २०१८ च्या नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. विकली होती, हे सांगून सुटका होत नाही. म्हणून गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नये, आणि कोरे फॉर्म सही करून तर मुळीच देऊ नयेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी विकणाऱ्याचीही आहे. उदगीर-देगलूरकडची गाडी बीदर किंवा निजामाबादला जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. फायनान्सची नोंद असेल तर आधी फॉर्म ३५ ने ती उतरवावी. माझं मत असं की इथे उलटा इसार घ्यावा. किमतीव्यतिरिक्त दोन-तीन हजारांची ठेव आपल्याकडे ठेवावी आणि नव्या नावाची आरसी दाखवली की त्याच दिवशी परत करावी. नावावर करायला घेणाऱ्याला पैशाचं कारण मिळालं की "नंतर" लवकर येतो.

मोबाइलचंही थोडं असंच. देण्याआधी सिम काढावं, गूगल खातं काढून मगच रिसेट करावं, नाही तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो आणि घेणारा तुम्हालाच चोर समजतो. आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, पंधरा अंक *#०६# दाबून दाखवावेत. घेणाऱ्याने ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासून घ्यावेत. घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ आणि आयएमईआय लिहिलेल्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात.

हे सगळं एकेकट्या विकणाऱ्यावर का टाकायचं, हा प्रश्न रास्त आहे. जुन्या वस्तूंच्या ॲपवाल्यांनी यात आपला वाटा उचलायला हवा. आयपीओसाठी, म्हणजे कंपनीच्या नव्या शेअरविक्रीत, यूपीआयने अर्ज केला की पैसे खात्यातून जात नाहीत, फक्त अडकून राहतात, आणि शेअर मिळाले तरच वळते होतात. ही सोय २०१९ पासून लोक वापरत आहेत. तीनशे रुपयांचा इसार याच पद्धतीने घेणाऱ्याच्या खात्यात अडकवून ठेवता येईल. दोघांनी ॲपवर "भेट झाली" असं नोंदवलं की पैसे मोकळे होतील. घेणारा आलाच नाही तर ते विकणाऱ्याला मिळतील, आणि विकणारा ठग असेल तर त्याच्या हाती काहीच लागणार नाही. आगाऊ पैशाचा धोका आणि फुकट राखणीचा त्रास दोन्ही एकदम मिटतात. तंत्र हाताशी असताना हे होत नाही, कारण ॲपला जाहिरातींची संख्या मोजायची असते, पूर्ण झालेल्या सौद्यांची नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं.

तोवर ग्रुपच्या ॲडमिननी निदान दोन नियम वर लावून ठेवावेत: इसाराशिवाय कुणी "माझ्यासाठी ठेवा" म्हणू नये, आणि इसार घेतल्यावर विकणाऱ्याने जाहिरातीखाली "इसार झाला, अमुक तारखेपर्यंत" असं लिहावं, वस्तू गेली की जाहिरात काढावी. राहतो प्रश्न ज्यांच्याकडे यूपीआय नाही त्यांचा. कन्नडच्या किंवा औंढ्याच्या वाडीवरचा माणूस जुनी शिलाई मशीन घ्यायला निघाला तर त्याला मोबाइलवरचा इसार जमणार नाही. त्याच्या आणि विकणाऱ्याच्या ओळखीचा एखादा किराणा किंवा कृषी सेवा केंद्राचा दुकानदार बहुधा सापडतो. त्याच्याकडे दोनशे रुपये रोख ठेवावेत, दुकानदाराने फोन करून "इसार माझ्याकडे जमा आहे" एवढं सांगावं, आणि मशीन नेल्यावर ते दोनशे किमतीत वळते करावेत.